टोरांटोच्या तिकिटाचा हिशोब

टोरांटो,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

"खेळाडूंच्या पगाराला मर्यादा आहे, मग तिकीट एवढं महाग कसं?" हा तुझा प्रश्न फोनवर अर्धवटच राहिला. आइस हॉकीचा नवा मोसम या आठवड्यात सुरू होतोय आणि माझ्या डोक्यात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मोठी व्यावसायिक लीग. तिचा २००४-०५ चा अख्खा मोसम रद्द झाला होता. आयपीएलच्या लिलावात खर्चाची रक्कम बांधून दिलेली असते, तशी मर्यादा मालकांना संघाच्या एकूण पगारावर हवी होती आणि त्यासाठी त्यांनी टाळेबंदी केली. शेवटी खेळाडूंनी चालू करारांत २४ टक्के कपात सोसली आणि २००५-०६ साठी मर्यादा ठरली ३ कोटी ९० लाख डॉलर. त्याआधी डेट्रॉईटचा संघ पगारावर सात कोटी डॉलरच्या वर खर्च करत होता.

ही मर्यादा चुकीची होती असं मी म्हणणार नाही. वाढते पगार कॅनडातल्या छोट्या शहरांना झेपत नव्हते. १९९५ मध्ये क्वेबेकचा संघ अमेरिकेत कोलोरॅडोला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. १९९६ मध्ये विनिपेगचा संघ फिनिक्सला गेला. तो राहावा म्हणून विनिपेगच्या लोकांनी वर्गणी गोळा केली होती, रे! असं पुन्हा कुठल्याच शहरावर येऊ नये.

पण पगार आटोक्यात आले की तिकिटंही आटोक्यात राहतील, हे जे तेव्हा चाहत्यांना ऐकवलं गेलं, ते मला कधीच पटलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरला झेंडू कडाडतो, तो काही तोडणीची मजुरी वाढली म्हणून नव्हे. तोरणाशिवाय कुणी घरी जाणार नाही, हे फुलवाल्याला ठाऊक असतं. इथेही तसंच. आमच्या टोरांटोच्या संघाने, मेपल लीफ्सनी, १९६७ नंतर कप जिंकलेला नाही, तरी सीझन तिकिटासाठी लोक वर्षानुवर्षं यादीत नाव लावून बसतात. खालच्या महागड्या खुर्च्या बऱ्याचशा कंपन्यांकडे. मध्यंतर संपून खेळ सुरू झाला तरी त्या रिकाम्या दिसतात, आणि वरच्या रांगेतला माणूस घसा फोडून ओरडत असतो. मला हे बघवत नाही.

खरी गोम पुढे आहे. २०१३ च्या करारापासून लीगच्या हॉकीतून येणाऱ्या उत्पन्नाची खेळाडू आणि मालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटणी होते आणि मर्यादा त्या उत्पन्नावरून ठरते. म्हणजे टोरांटोचा चाहता जास्त पैसे मोजतो, तेव्हा मर्यादा बत्तीसही संघांची वाढते. २०२५-२६ च्या मोसमासाठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे. शिवाय श्रीमंत संघांच्या कमाईतून गरीब संघांना वाटा जातो, तो वेगळाच. आमच्या पैशाने सगळी लीग उभी राहते, फक्त आमच्या संघाला एक डॉलरही जास्त खर्च करता येत नाही. उरलेलं मालकांच्या खिशात. त्यात फ्लोरिडा आणि नेवाडात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे तेवढ्याच पगारात तिथल्या खेळाडूच्या हातात जास्त उरतं. गेल्या मे महिन्यात बाद फेरीच्या मालिकेत फ्लोरिडाने आम्हाला निर्णायक सातव्या सामन्यात आमच्याच मैदानावर ६-१ असं हरवलं आणि उन्हाळ्यात आमचा नावाजलेला खेळाडू मिच मार्नर नेवाडातल्या व्हेगासच्या संघात गेला.

तरी मर्यादा उठवा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की जो पैसा संघावर खर्चच करता येत नाही, त्यातला काही प्रेक्षकाकडे परत यायला हवा. वरच्या मजल्यावरच्या काही रांगा प्रत्येक सामन्याला ठरलेल्या स्वस्त दरात ठेवाव्यात. त्या कंपन्यांना विकू नयेत, आणि तिकीट ज्याच्या नावावर असेल त्यानेच आत जावं. मी मुलीला मार्लीजच्या, म्हणजे लीफ्सच्या दुय्यम संघाच्या सामन्यांना नेतो. तिकीट परवडतं, खेळही छान असतो. पण तिला लीफ्स बघायचेत आणि तिचा हट्ट मला रास्त वाटतो.

तुझं मत सविस्तर कळव, पटलं नाही तर तेही. काकूंना नमस्कार सांग. दिवाळीला फोन करतोच.

तुझा,
संजय