खुडूक कोंबडी, मे महिना आणि बदनाम वीज

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या कोंबड्यांवर लेख आला होता, चांगला होता, पण त्यात ढग गडगडायच्या दिवसात खुडूक (अंडी उबवायला आलेली) कोंबडी अंड्यांवर बसवू नका, आवाजाने अंडी खराब होतात असं एक वाक्य होतं आणि त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. आमच्या हुडकेश्वरकडे अजून बऱ्याच घरी मागच्या आंगणात चार-सहा गावरान कोंबड्या असतात आणि दर उन्हाळ्यात हीच रड ऐकू येते, बारा अंडी ठेवली अन् दोनच पिल्लं निघाली, परवा वीज कडाडली ना, त्यानंच झालं. मग पुढच्या वेळी टोपल्यात लोखंडाचा खिळा नाहीतर कोळसा ठेवतात. ठेवा बाप्पा, खिळ्याने काही बिघडत नाही. पण बिघडायचं ते कोंबडी बसायच्या आधीच बिघडून गेलेलं असतं.

कोंबडी रोज एक नाहीतर दिवसाआड एक अंडं देते, म्हणजे दहा-बारा जमा व्हायला पंधरवडा लागतो. गारव्यात अंड्यातल्या जिवाची वाढ थांबून राहते, म्हणूनच तर मागेपुढे दिलेली अंडी एकाच दिवशी बसवली की पिल्लंही एकदमच निघतात. हा हिशोब हिवाळ्यात बरोबर चालतो. मे महिन्यात आपल्या इथं स्वयंपाकघरातसुद्धा रात्री गारवा नसतो, तिथं वेताच्या टोपलीत ठेवलेल्या अंड्यात वाढ अर्धवट सुरू होते, कूलर लावला की थांबते, दुपारी लाइट गेली की परत सुरू होते, आणि असं चारपाच दिवस झालं की तो जीव मरतोच. मग तुम्ही ते अंडं २१ दिवस कोंबडीखाली ठेवा नाहीतर ४० दिवस. वळवाचा पाऊस नेमका त्याच दिवसात येतो म्हणून नाव विजेचं होतं.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे की नागपुरात कोंबडी बसवायची ती दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, फार तर होळीच्या आधी. आणि उन्हाळ्यात बसवायचीच असेल तर अंडी तीन-चार दिवसांच्या वर साठवू नका, कमी ठेवा, सहा-सात पुरे. साठवायला सगळ्यात सोपं म्हणजे ओल्या रेतीत मातीचं मडकं रोवायचं, आत कोरडं कुटार (भुसा) टाकून अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवायची, वर ओलं फडकं. अंड्याला पाणी लागू द्यायचं नाही आणि अंडी धुवायची तर अजिबात नाही. फ्रिज नको, तो फार थंड पडतो. आणि हो, दुकानातली पांढरी अंडी आणून कोंबडीखाली ठेवणारे पण मी पाहिलेत, त्या फार्मवर कोंबडा नसतोच तर पिल्लू येणार कुठून!

दुसरं म्हणजे जागा. अंड्याला लागते साडेसदतीस डिग्री आणि आपल्याकडे दुपारी बाहेरच ४४-४५ असतं (३० मे २०२४ ला तर एका सेन्सरने ५६ दाखवलं होतं, तो नंतर सेन्सरचाच घोळ निघाला, पण त्या दिवशी खोटं कोणालाच वाटलं नाही). टिनाच्या शेडखाली बसलेली खुडूक कोंबडी दुपारी दोन वाजता एकदा नीट बघा, चोच उघडी, गळा थरथरतोय, पंख अंगापासून सुटे धरलेत, तरी उठत नाही. ती उठली नाही म्हणजे सगळं बरं आहे असं नसतं, खाली अंडी शिजायला आलेली असतात. तिला कौलाखाली, मातीच्या भिंतीजवळ, अंधाऱ्या कोपऱ्यात बसवा, हलवायचं असेल तर रात्री हलवा म्हणजे ती बिथरत नाही, टोपल्यात खाली माती-राख आणि वर तणस, आजूबाजूच्या जमिनीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. हवा फार कोरडी असली की शेवटी आतली पातळ साल सुकून पिल्लाला चिकटते आणि ते टवका मारून तिथंच अडकतं.

बाकी काम कोंबडीचं आहे, आपण फार हात घालायचा नाही. दिवसातून एकदा ती आपोआप उठते, दुर्गंधी सुटेल अशी मोठी शीट टाकते (ही टोपल्यातच पडली तर समजा ती उठतच नाहीये, मग उचलून बाहेर काढा), घाईघाईने ज्वारी-कणकी टिपते, पाणी पिते, राखेत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येऊन एकेक अंडं चोचीने पोटाखाली ओढून घेते. अंड्यांवर पेन्सिलने खूण करून ठेवा, कारण बाकीच्या कोंबड्या त्यातच नवीन अंडी घालून जातात. सातव्या-आठव्या रात्री अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं की जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, जे कोरं दिसेल ते काढून टाका. नंतर पिल्लं निघताना साल सोलून 'मदत' करू नका. त्यांच्या पोटात बलक असतो, एक-दीड दिवस खायला नाही मिळालं तरी चालतं.

ज्यांना बसवायची नाही त्यांनी कोंबडीला बादलीत बुचकळणं आणि नाकात पीस खुपसणं बंद करावं, हे बघवत नाही. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवली की खुडूकपण जातं.

शेवटी एक विनंती. राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरच्या लसीचा थेंब पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात टाकतात, पण बाटली येते शंभर-दोनशे डोसची आणि एकदा फोडली की दोनेक तासात संपवावी लागते, मग आठ पिल्लंवाली बाई लस घेतच नाही आणि महिन्याभरात सगळी पिल्लं जातात. गल्लीतल्या पाच-सात घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या तर एक बाटली सगळ्यांना पुरते, बर्फाच्या डब्यात आणली की झालं. तुमच्या पुरवणीत हे दिवाळीच्या सुमारास चौकटीत छापलं तर बरं होईल, मे महिन्यात छापून उपयोग नाही.

आपली,
एक नियमित वाचक, हुडकेश्वर, नागपूर