गप्पी न्यायला ये, पण किटली घेऊन

जळगाव,
मे महिना, भर दुपार

प्रिय भावड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवरच्या टाकीत डोकं घालून बसलो होतो, म्हणून "ये रविवारी, घेऊन जा गप्पी" एवढंच बोललो. फोन ठेवला आणि धडकी भरली. तू मासे पिशवीत घालणार, अमळनेरला पोचलास की नव्या टँकमध्ये भसकन ओतणार, आणि मंगळवारी पोरगी रडत मला फोन करणार. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी यात हात पोळून घेतलेत. गेल्या वर्षी मोठा टँक आणला. हौसेनं सगळं लख्ख केलं. फिल्टरचा दोन वर्षांचा काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज नळाखाली पिळून पिळून पार स्वच्छ केला. चौथ्या दिवशी मासे वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडं हलवायला लागले. आठवड्यात १४ पैकी ३ उरले. आणि पाणी कसं, तर काचेसारखं नितळ! मग कळलं की त्या बुळबुळीतच जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या घाणीतून अमोनिया निघतो, त्याचं हे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन माशांना विष, तिसरं ते बरंच सोसतात. नव्या टँकमध्ये ही वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. मी ती क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन मोरीत सोडली होती.

दिवाळीत तू पोरीसाठी टँक घ्यायचं म्हणालास ना, तेव्हापासून मी माझ्या टँकमध्ये दुसरा एक स्पंज फिल्टर चालू ठेवलाय. तो तुझा. डब्यात टँकच्याच पाण्यात बुडवून देईन. घरी गेल्यावर तसाच लाव. वहिनींना तो घाण दिसेल, धुवू देऊ नकोस.

तुझा टँक आजच भर. नळाचं पाणी असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब टाक. नुसतं बादलीत उघडं ठेवून क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं टिकाऊ मिश्रण) असेल तर ते तसं जात नाही. बोअरचं पाणी जड म्हणून घाबरू नकोस. किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो ना, तसलं पाणी गप्पीला उलट मानवतं.

शनिवारी मी त्यांना खायला घालणार नाही. उपाशी मासा प्रवासात पाणी कमी घाण करतो. रविवारी पहाटे टँकचं पाणी पाव उरेपर्यंत काढीन आणि कपानं एकेक उचलीन. जाळी घेऊन मागे धावलं की शेपट्या फाटतात. मागे एकदा मी असा कप घेऊन तासभर वाकलेला पाहून आई म्हणाली, "काय करी ऱ्हायना रे?"

दुधाची मोठी किटली आण, फक्त साबणानं घासू नकोस. अर्धी भरू, वरची हवा त्यांना लागते. झाकण हवंच, गप्पी उड्या मारतात. किटलीला ओलं गोणपाट गुंडाळू, माठासारखं. सकाळची पहिली गाडी धर. दुपारच्या गाडीनं नेलंस तर अमळनेरला माशांचा रस्साच पोचेल. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. खिडकीजवळ ठेवू नकोस आणि दर स्टेशनला झाकण काढून बघू नकोस.

घरी टँकचा दिवा बंद ठेव. एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून तुझ्या टँकचं पाणी किटलीत थेंबथेंब सोड, सेकंदाला दोन-तीन. किटलीतलं पाणी दुप्पट व्हायला पाऊण तास तरी लागू दे. मग कपानं मासे उचलून टँकमध्ये सोड आणि किटलीतलं पाणी झाडांना घाल, टँकमध्ये नको. त्या दिवशी खायला काही देऊ नकोस. पोरगी कितीही मागे लागली तरी.

दोन नर आणि पाच माद्या देतोय. काळ्या शेपटीची मादी मात्र आत्ता देणार नाही. तिचं पोट चौकोनी दिसायला लागलंय, आठवड्याभरात पिल्लं टाकेल, आणि अशा वेळी हलवलं तर अवेळी टाकते. बाकीच्यांनाही नर नसले तरी महिनोन्‌महिने पिल्लं होत राहतात, तेव्हा पिल्लांना लपायला हायड्रिला ही पाणवनस्पती भरपूर लाव, नाहीतर आयाच पोरं गिळतात. हे पोरीला कसं सांगायचं ते तू बघ.

हो, आणि तिनं विचारलं होतं ना की गप्पी गप्पा मारतात का? नाही म्हणावं. १८६६ मध्ये त्रिनिदादच्या गप्पी आडनावाच्या माणसावरून हे नाव पडलं. आपल्याकडे मलेरियावाले हौदात सोडतात तेही हेच, फक्त रंगानं फिके.

शनिवारी रात्रीच मुक्कामाला ये, म्हणजे पहाटे दोघं मिळून पकडू.

तुझाच,
कपवाला