दोन्हीकडे विश्वासच आहे, पण तो एकसारखा नाही

मा. संपादक,

स.न.वि.वि.

"शेवटी विज्ञान हाही एक धर्मच, आम्ही देवावर विश्वास ठेवतो तसा तुम्ही शास्त्रज्ञांवर ठेवता, फरक काय?" हे वाक्य हल्ली फार ऐकायला मिळतं, वाचकांच्या पत्रांमध्येही ते या ना त्या रूपात येत असतं. मग कोणीतरी विज्ञानाची बाजू घेऊन श्रद्धेची टिंगल करतो, तिसरा त्याला नास्तिक ठरवून मोकळा होतो आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो. मला दोन्ही बाजूंचं बोलणं पटत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, जागा असेल तसं छापा.

आधी समोरच्याचं जे खरं आहे ते मान्य करायला पाहिजे. मी इलेक्ट्रॉन बघितलेला नाही. विश्वाचं वय 13.8 अब्ज वर्षं आहे हे मी मोजलेलं नाही आणि मला मोजता येणारही नाही, पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची आहे हे पुस्तकात होतं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले, झालं. डॉक्टर गोळी देतात ती आपण घेतो, तिच्यावर काय ट्रायल झाल्या ते कोण वाचत बसतं? आणि हे फक्त तुमचं-माझं नाही, पेशींवर काम करणारा बायॉलॉजिस्टसुद्धा ज्या मायक्रोस्कोपमधून बघतो त्याचं सगळं फिजिक्स त्याने स्वतः पडताळलेलं नसतं, दुसऱ्या कोणीतरी ते केलंय या भरवशावरच तो कामाला लागतो. त्यामुळे "आम्ही सगळं तपासून मग मानतो" असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते खरं नाही. माणसाच्या मनात डोकावून बघितलं तर बहुतेक वेळा विज्ञानावरचा विश्वास आणि गुरूच्या शब्दावरचा विश्वास सारखाच दिसेल, कोणीतरी जाणकार सांगतोय म्हणून मानलेला.

फरक बघायचा तर ज्यांच्यावर आपण विश्वास टाकलाय त्यांच्याकडे काय चाललेलं असतं ते बघावं लागतं. मला यासाठी लायगोची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, म्हणजे ताऱ्यांसारख्या प्रचंड वस्तू एकमेकींवर आदळल्या की अवकाशात उठणारे तरंग, पकडण्यासाठी अमेरिकेत उभारलेली दोन प्रचंड यंत्रं, प्रत्येकाला 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. आइनस्टाइनने 1916 मध्ये या लहरींचं भाकीत केलं होतं पण त्या इतक्या सूक्ष्म की भुजेच्या लांबीत पडणारा फरक अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. 16 सप्टेंबर 2010 ला या यंत्रांमध्ये एक सिग्नल आला, अगदी हवा तसा, बृहल्लुब्धक (कॅनिस मेजर, म्हणजे मोठा कुत्रा) तारकासमूहाच्या दिशेने, म्हणून आपापसात त्याला बिग डॉग म्हणायला लागले. शेकडो लोकांनी पुढचे काही महिने त्याचाच पिच्छा पुरवला, आकडेमोड झाली, वाद झाले, शोध जाहीर करणारा पेपरसुद्धा लिहून तयार झाला. आणि मार्च 2011 मध्ये सगळ्यांना एकत्र बसवून सांगण्यात आलं की तो सिग्नल खोटा होता, त्यांच्यातल्याच मोजक्या लोकांनी तो गुपचूप यंत्रात सोडला होता, बाकीचे फसतात का आणि खरा सिग्नल आला तर नीट ओळखू शकतात का हे बघायला.

यात कोणावर अन्याय झाला नाही, कारण असं होऊ शकतं हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं होतं. मला हे फार विलक्षण वाटतं. या माणसांनी आयुष्याची वीस-वीस वर्षं एका गोष्टीची वाट बघण्यात घातली, ती गोष्ट सापडावी ही त्यांची जिवापाड इच्छा, आणि नेमकी ती इच्छाच आपल्याला फसवेल म्हणून त्यांनी स्वतःवरच पहारा बसवला. 14 सप्टेंबर 2015 ला जेव्हा खरा सिग्नल आला तेव्हा टीममधल्या लोकांचा पहिला प्रश्न हाच होता की हा पण आपणच सोडलाय का, ते तपासून झालं, बाकी सगळं तपासून झालं आणि मगच फेब्रुवारी 2016 मध्ये जगाला सांगितलं. औषधांच्या ट्रायलमध्येही हेच असतं, खरी गोळी कोणाला आणि नुसती दिसायला तशी गोळी कोणाला हे पेशंटला तर सांगत नाहीतच पण अनेकदा डॉक्टरलाही सांगत नाहीत, कारण प्रामाणिक डॉक्टरला पण आपलं औषध लागू पडावं असं वाटतच असतं आणि मग त्याला पेशंट बरा दिसायला लागतो. म्हणजे आपण ज्यावर विश्वास ठेवायचा ते सगळं उभं आहे एकमेकांवरच्या आणि स्वतःवरच्या अविश्वासावर. माझा विश्वास कुठल्या एका शास्त्रज्ञाच्या शहाणपणावर नाही, त्याची चूक काढून नाव कमावायला दुसरे टपून बसलेत यावर आहे.

मोठ्या माणसाचा शब्द इथे चालत नाही असं मात्र कोणी समजू नये, चालतो आणि त्याने नुकसानही होतं. आर्थर एडिंग्टन म्हणजे ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ, ज्यांच्या 1919 च्या सूर्यग्रहणातल्या मोजमापांमुळे आइनस्टाइनचं नाव घराघरात पोचलं. याच एडिंग्टननी 11 जानेवारी 1935 ला लंडनमध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चोवीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं गणित भर सभेत उडवून लावलं. चंद्रशेखर सांगत होते की श्वेतबटू ताऱ्याच्या, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याच्या, वस्तुमानाला एक मर्यादा आहे, सूर्याच्या साधारण 1.4 पट, त्याच्या वर गेला तर तो कोसळतच जाणार, आणि एडिंग्टनचं म्हणणं असं की तारा असला वेडेपणा करूच शकणार नाही. काही मोठे भौतिकशास्त्रज्ञ खासगीत चंद्रशेखर बरोबर आहेत म्हणत होते पण जाहीर कोणी बोललं नाही, ही गोष्ट मला आजही खटकते. चंद्रशेखर यांना नोबेल मिळालं ते 1983 मध्ये. पण शेवटी टिकलं कोणाचं? ज्याला तेव्हा फारसं कोणी ओळखत नव्हतं त्याचं, कारण गणित कोणालाही करून बघता येत होतं आणि ते एडिंग्टनच्या बाजूने उत्तर देत नव्हतं. आज तीच मर्यादा चंद्रशेखर यांच्या नावाने शिकवतात.

आणि कधीकधी नुसता उशीर नाही, घोर नुकसान होतं. 1998 मध्ये लॅन्सेटसारख्या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकात अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, फक्त 12 मुलांवरचा, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध असल्याची शंका पेरणारा. तो मागे घ्यायला 2010 उजाडलं, बारा वर्षं, आणि मधल्या काळात ब्रिटनमध्ये लसीकरण घसरलं, गोवर परत डोकं वर काढायला लागला, गैरप्रकार बाहेर आणण्यात तर एका पत्रकाराचा मोठा वाटा होता. नंतर 2019 मध्ये डेन्मार्कच्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली तेव्हा पण काहीही संबंध दिसला नाही, तरी ती शंका अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. हे सगळं विज्ञानाच्या घरात घडलेलं आहे आणि ज्यांना विज्ञानाबद्दल आस्था आहे त्यांनीच ते आधी सांगायला पाहिजे, लपवून विश्वास वाढत नसतो.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल विज्ञानवाल्यांना मला कळकळीने सांगायचंय. मदर तेरेसा 1997 मध्ये गेल्या आणि 2007 मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली, ती नष्ट व्हावीत अशी त्यांची स्वतःची इच्छा होती. त्यात दिसतं की कितीतरी दशकं, जवळजवळ शेवटपर्यंत, त्यांना देव जाणवतच नव्हता. प्रार्थना केली की आत पोकळी, उत्तर नाही. आणि तरी त्या रोज उठून प्रार्थना करत राहिल्या, मरणाऱ्या माणसांना उचलून आणत राहिल्या. त्यांच्या कामाबद्दल वेगवेगळी मतं आहेत, ती असू देत, मी फक्त या एका गोष्टीबद्दल बोलतोय. लायगोच्या मोजपट्टीने बघितलं तर इतकी वर्षं सिग्नल नाही म्हणजे कल्पना सोडून द्यायला हवी होती. पण श्रद्धावान माणसाला विचारा, तो म्हणेल की हीच तर खरी श्रद्धा, अनुभव येतोय तोवर कोणीही टिकेल, येत नसताना टिकली ती. प्रयोगशाळेत ज्याला हट्ट म्हटलं असतं त्याला इथे निष्ठा म्हणतात, आणि मला यात काही फसवेगिरी दिसत नाही. मूल गेलेल्या आईला तिची श्रद्धा उभं करते तेव्हा ती विश्वाबद्दलचा कुठला सिद्धांत मांडत नसते, ती कशाला तरी धरून असते. तिच्याकडे पुरावा मागायला जाणारा माणूस मला विज्ञाननिष्ठ वाटत नाही, त्याला प्रश्नच कळलेला नाही.

म्हणून "दोन्ही सारखंच" म्हणणाऱ्याने दोघांचाही अपमान केला असं माझं मत आहे. विज्ञानावरचा विश्वास अटींवरच असायला हवा, उद्या पुरावा बदलला की काढून घेता आला पाहिजे, तिथे निष्ठा आली की घात. आणि श्रद्धेला जर रोज निकालाची अट घातली तर तो सौदा झाला, हे तर सगळ्या धर्मांतले भक्तच सांगत आलेत. अर्थात श्रद्धेने जेव्हा आजार, औषध, पृथ्वीचं वय असल्या गोष्टींत दावे केले तेव्हा मात्र त्या दाव्याची तपासणी होणारच, तिथे "आमची भावना आहे" म्हणून सूट मिळणार नाही. तपासता येण्यासारखं बोललात तर तपासलं जाणार.

ही सीमा किती नीट पाळता येते हे बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांच्याकडे बघून कळतं. ते कॅथलिक धर्मगुरू आणि त्याच वेळी अव्वल दर्जाचे भौतिकशास्त्रज्ञ, विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी 1927 मध्ये मांडलं आणि 1931 मध्ये सगळं विश्व एका आदिम अणूतून सुरू झालं असं सुचवलं, म्हणजे आजच्या बिग बँगची सुरुवात. नोव्हेंबर 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी भाषणात जवळपास असं सुचवलं की विज्ञानाला आता निर्मितीचा क्षण सापडलाय. कोणालाही वाटेल की धर्मगुरू लमेत्र खूश झाले असतील, पण ते अस्वस्थ झाले. त्यांचं म्हणणं असं की ही थिअरी धार्मिक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेरची आहे, तिचा वापर देवाच्या बाजूने करू नका आणि विरुद्धही करू नका. तेव्हा ती थिअरी सिद्ध व्हायची होती, तिला जबरदस्त आधार देणारं पार्श्वभूमी प्रारण, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून उरलेले आणि सगळ्या दिशांनी येणारे मंद किरण, सापडलं ते 1964-65 मध्ये. विचार करा, जर देवाला त्या थिअरीच्या खुंटीला टांगून ठेवलं असतं आणि थिअरी पडली असती तर? आजही धर्मग्रंथात क्वांटम फिजिक्स शोधणारे लोक आहेत, ते आपल्याच श्रद्धेचं काय करतायत हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आपल्या वर्तमानपत्राकडे यात एक मागणी आहे. "संशोधनात सिद्ध झालं" एवढंच लिहून बातमी येते तेव्हा वाचकाला विज्ञानावर श्रद्धाच ठेवावी लागते, दुसरा मार्गच राहत नाही. सगळ्या संशोधनावर सारखाच विश्वास ठेवायचा नसतो. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 प्रयोग परत करून बघितले तेव्हा निम्म्याहून कमी प्रयोगांमध्ये तोच निकाल आला, आणि दुसरीकडे गुरुत्वाकर्षण किंवा लसींसारख्या गोष्टी असंख्य वेळा तपासून झाल्यात, या दोन्हींना "सायन्स म्हणतं" या एकाच शब्दात गुंडाळलं की वाचक एकतर सगळं गिळतो नाहीतर सगळंच थोतांड म्हणतो. तेव्हा बातमीत निदान एवढं द्या की प्रयोग किती लोकांवर झाला, माणसांवर की उंदरांवर, पैसा कोणी दिला आणि दुसऱ्या कोणी तो करून बघितलाय का. दोन ओळी लागतील. आणि आधी छापलेलं एखादं संशोधन नंतर मागे घेतलं गेलं तर ती बातमीही तेवढ्याच ठळकपणे आणि त्याच पानावर द्या.

कळावे,

आपला एक नियमित वाचक