बोस्टनचे २७०० कोटी आणि तुझा गुडघा

दादर, ऑगस्ट २०२५, रविवार दुपार, बाहेर धो धो

प्रिय पक्या,

१३ मेच्या सकाळी तुला तो मेसेज टाकला, त्यावर निळ्या टिका आल्या आणि नंतर तुझ्याकडून काही नाही. मीही गप्प बसलो. आता ऑगस्ट लागला. बायको म्हणते, अमेरिकेतल्या कुणा बास्केटबॉलवाल्याच्या टाचेवरून तुम्ही दोघं अबोला धरता, वयं काय तुमची! तिला काय सांगणार?

इकडे सगळं ठीक. शुगर आटोक्यात, आईचं मोतीबिंदूचं झालं.

तर त्या सकाळी पावणेआठचा सुमार. गॅसवर चहा, मोबाईल मिसळणाच्या डब्याला टेकवलेला. त्यावर एनबीएची मॅच. बोस्टनच्या टेटमचे ४२ पॉइंट झालेले आणि मी शिव्या घालत होतो, बोस्टन हरलं की आम्हा लेकर्सवाल्यांची दिवाळी. तीनेक मिनिटं उरली असताना सुटलेल्या बॉलकडे झेपावला आणि खालीच बसला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. उजवा पाय धरून. त्याला उचलूनच बाहेर नेलं. २०१३ साली लेकर्सच्या कोबेची टाचेमागची शीर तुटली ती आपण एकत्र पाहिली होती, मला वेगळं सांगायला नको होतं. आणि मी काय केलं? ‘घ्या, २७०० कोटी पाण्यात’ असं टाइप केलं, हसरे चेहरे तीन, आणि लोकल पकडायला धावलो. भायखळा आलं तेव्हा तुझा गुडघा आठवला. मेसेज डिलीट करायला गेलो तर टिका निळ्या.

तेव्हापासून तो हिशेब डोक्यातून जात नाही. बॅलन्स शीट समोर असते आणि मागच्या कागदावर मी टेटम मांडतो. पाच वर्षांचे ३१.४ कोटी डॉलर, म्हणजे आपले ते २७०० कोटी. यंदाची सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाच्या पगारांची मर्यादा, १५.४६ कोटी, तिचे पस्तीस टक्के म्हणजे ५.४१ कोटी हा पहिल्या वर्षाचा पगार, पुढे दरवर्षी त्यावर आठ टक्क्यांची भर. आपल्या पैशांत मॅचमागे साडेपाच कोटींच्या वर! गंमत बघ, सही जुलै २०२४ ची, बोस्टन नुकतं चॅम्पियन झालेलं, पण हा पगार सुरू होतो तो यंदापासून. म्हणजे मशीन बंद पडलं आणि मग पहिला हप्ता. माझ्या साहेबांनी अशी खरेदी पास केली असती तर ऑडिटरने त्यांना उभं जाळलं असतं.

तू म्हणशील ड्युरंट बघ. बघितला. २०१९ ला फायनलमध्ये तेच झालं, तरी ब्रुकलिनने चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, पहिला अख्खा सीझन बसून काढला आणि परत आला तो पूर्वीसारखाच. मान्य. पण मला डॉलरची काळजी नाहीच रे. तो क्लबच यंदा ६.१ अब्ज डॉलरला विकायचा ठरला, त्यात ३१ कोटी म्हणजे सोसायटीच्या लिफ्टचं ग्रीस. खरी मेख दुसऱ्या एप्रनची, म्हणजे कॅपच्याही वरच्या लक्ष्मणरेषेची. यंदा २०.७८ कोटी डॉलरच्या वर संघाचे पगार गेले की ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल करताना हात बांधले जातात, सात वर्षांपुढचा पिकसुद्धा (नवा खेळाडू निवडायची पाळी) गोठतो. त्यापायी बोस्टनचा हॉलिडे गेला, पोर्झिंगिस गेला. त्यांच्याच ब्राउनचे २८.५ कोटी आधीचेच होते. आणि त्या मॅचला समोर कोण? न्यूयॉर्कचा ब्रन्सन, ज्याने वर्षभर थांबून २६.९ कोटी घेण्याऐवजी १५.६५ कोटींवर सही केली, संघाला माणसं घेता यावीत म्हणून. असा जावई मिळायला पुण्य लागतं.

आता तू हसशील. कारण हे सगळं तुझंच बोलणं आहे. २०१३ च्या नोव्हेंबरात कोबेला दोन वर्षांचे ४.८५ कोटी डॉलर दिले, टाच अजून बरी व्हायची होती, तेव्हा तू म्हणाला होतास, ‘लेकर्सनी खेळाडू नाही, पुतळा विकत घेतला.’ (पुतळा त्यांनी २०२४ ला वेगळा उभारला, खर्च निराळा.) मी तीन आठवडे तुझ्याशी बोललो नव्हतो. पगार उद्याच्या खेळाचा असतो, कालच्या नाही, हा तुझा मुद्दा. त्या कॉन्ट्रॅक्टच्या पहिल्या वर्षी कोबे ३५ मॅच खेळला, मग खांदा गेला. हिशेबात तू बरोबर होतास. पण शेवटच्या मॅचला साठ पॉइंट मारले तेव्हा तुझाच फोन आला होता आणि दोघांपैकी कुणाला बोलता येत नव्हतं.

मग टेटमचं वसूल होणार का? मला वाटतं होईल. सत्तावीस वर्षांचा आहे, कोबे चौतिशीचा होता. यंदाचे पैसे गेले म्हणून सोडून द्यायचे. उरलेल्या चार वर्षांतली तीन जरी तो धड खेळला, तरी त्या भावात दुसरा तसा मिळत नाही, कारण नियमाने याहून जास्त पैसे कुणाला देताच येत नाहीत.

आणि एक. नागपाड्याची ती सेमीफायनल. रात्रभर पाऊस पडून सिमेंट अजून ओलं होतं. मी पास उशिरा दिला, वर कमरेखाली. तू वाकलास, पाय सरकला, गुडघा गेला. सरांनी तुलाच झापलं, बॉलकडे बघत नाहीस म्हणून, आणि तू ऐकून घेतलंस. पास खराब होता, पक्या.

तुझ्या बदलीचं काय झालं? रेवाला पुण्याला मिळालं का? वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
नंद्या

ता. क. पैज लावतोस? परत आल्यावर पहिल्या वीस मॅचमध्ये टेटमची सरासरी वीसच्या वर गेली तर मी हरलो. दोन मिसळ, पाव जास्तीचे. नुसतं ‘हो’ लिहिलंस तरी चालेल.