बालवर्ग मिळालाय, तर हे वाच

चि. सोनूस,
सलाम आणि आशीर्वाद.

उन्हाळी बायबल शाळेत तुला बालवर्ग दिलाय, असं मावशीनं फोनवर सांगितलं. म्हणजे चार ते सहा वयाची पोरं, सकाळी आठ ते अकरा. मोठ्या मुलांचा वर्ग थोड्या तयारीवर, दोन विनोद करून निभावतो. हा नाही निभावत. पत्र लांबणार आहे, एका बैठकीत वाच.

एक आधी लक्षात ठेव. रडारड, ढकलाढकली, चावणं, चड्डी ओली होणं, यातलं फारसं काही गोष्ट चालू असताना होत नाही. सगळं मधल्या वेळात होतं. गाणं संपलंय आणि चित्रं अजून पिशवीतच आहेत, एका नळापाशी पंधरा पोरं हात धुवायला उभी आहेत, खळीची वाटी एकच आणि हात वीस. तेव्हा कार्यक्रम कमी ठरव, पण एक संपला की पुढचा हातात तयार पाहिजे. सजावट नाद खुळा करायची हौस तिथं सगळ्यांना असेल, ती त्यांना करू दे. तू साडेसातला पोचून सामान क्रमानं लाव. तसं बघितलं तर या शाळा निघाल्याच रिकाम्या वेळासाठी. 1898 साली न्यूयॉर्कमध्ये हॉज नावाच्या बाईंनी सुट्टीत रस्त्यावर फिरणाऱ्या मुलांसाठी वर्ग भरवला, तो चक्क भाड्याच्या बिअर हॉलमध्ये. दिवसा तीच जागा मोकळी असायची.

प्रत्येक पोराचं कार्ड कर. नाव, घरात हाक मारतात ते नाव, न्यायला कोण येणार, दोन फोन नंबर, दमा, फिट किंवा खाण्याचं काही वावडं. फॉर्मवर पालकांची सही हवी. शेजारपाजारची दुसऱ्या धर्मांची मुलंही येतात, त्यांच्या आईवडिलांना इथं बायबलमधल्या गोष्टी आणि गाणी असतात हे आधी स्पष्ट सांगितलेलं असावं. नावाची पट्टी गळ्यात दोऱ्यानं अडकवू नको, घसरगुंडीत किंवा फांदीत अडकून फास बसतो. मास्किंग टेपवर नाव लिहून पाठीवर चिकटव. पुढं लावली तर पाच मिनिटांत उपटतात, आणि पाठीवरची पळत्या पोराचीही वाचता येते.

आईला सोडून रडणाऱ्या पोराच्या आईला नजर चुकवून पळू देऊ नको. "अकराला येते" असं पोराला सांगून तिनं सरळ निघावं. गुपचूप गेली तर ते दुसऱ्या दिवशी दारातच पाय रोवतं. त्याला उचलून झुलवत बसण्यापेक्षा काम दे. खडूचा डबा धरायला दिला की बरीच गप्प होतात.

गोष्ट सात मिनिटांच्या वर नेऊ नको. पहिल्या दिवशी जक्कय घे, लूकच्या शुभवर्तमानातल्या 19 व्या अध्यायातला. बुटका माणूस, पुढं गर्दी, म्हणून उंबरावर चढला. उंबर पोरांनी पाहिलेला असतो, आणि मोठ्यांच्या पायांमागून काहीच दिसत नाही हा तर त्यांचा रोजचा अनुभव. जकातदार म्हणजे काय ते समजावत बसू नको. "लोकांकडून ठरल्यापेक्षा जास्त पैसे घ्यायचा" एवढं त्यांना पुरतं, आणि शेवटी त्यानं ते चौपट परत द्यायचं कबूल केलं, हेही मग कळतं. गोष्ट झाल्यावर "काय शिकलात?" विचारलंस तर "देव" एवढंच उत्तर येईल, कारण इथं काहीही विचारलं तरी तेच उत्तर चालतं हे त्यांना ठाऊक असतं. "जक्कय कुठं बसला होता?" असं विचार.

चित्रांसाठी फ्लॅनेल बोर्ड कर. दोन बाय तीन फुटांच्या प्लायवर फ्लॅनेलचं कापड ताणून मागून पिना मार. जाड कागदाच्या चित्रामागं पॉलिश पेपरचे दोन तुकडे चिकटवले की ते कापडाला धरतं. बोर्ड सरळ उभा न ठेवता थोडा मागं कलता ठेव. तरी पंखा सुरू झाला की चित्रं उडतात, नेमका येशू खाली पडतो आणि सगळा वर्ग हसत सुटतो. मे महिन्यात पंखा बंद ठेवणं शक्य नाही, म्हणून मुख्य चित्रं फेल्टचीच, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाचीच काप. फेल्ट कापडाला जास्त घट्ट धरतं.

पाठांतराला "देव प्रीती आहे" घे, योहानाच्या पहिल्या पत्रातलं, 4:8. तीन शब्द, तीन खुणा: बोट वर, हात छातीवर, दोन्ही हात पसरून. फळ्यावर लिहून एकेक शब्द पुसायचा खेळ मोठ्यांचा, यांना वाचताच येत नाही. गाण्याचा सा काळी एक किंवा पांढरी दोनला धर. तुझ्या आवाजाला सोयीच्या पट्टीत गाणं खाली गेलं की पोरं गात नाहीत, नुसती ओरडतात.

हस्तकलेत कात्री नको. पताकेचा हिरवा कागद हातानं फाडून उंबराचं झाड चिकटवायचं. वीस पोरांना अर्धी वाटी मैद्याची खळ पुरते. मैदा अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालव, दीड वाटी उकळत्या पाण्यात धार धरून ओत आणि पारदर्शक होईपर्यंत दोन-तीन मिनिटं हलवत राहा. मैदा थेट उकळत्या पाण्यात टाकलास तर गोळेच होतील. खळ टिकावी म्हणून कुणी मोरचूद घालायला सांगेल, ऐकू नको. ते विष आहे आणि ही पोरं बोटं चाटतात. उन्हानं दुसऱ्या दिवशी खळ आंबते, म्हणून रोज ताजी कर. प्रत्येकाला द्रोणात चमचाभर वेगळी दे, एका वाटीवर भांडणं ठरलेली.

आता शूचं. दर पाऊण तासाला सगळ्यांना एकदम ने, बरोबर दुसरा मोठा माणूस हवाच, शक्यतो ताई. कुठल्याही एका पोराला घेऊन तू एकटा बंद दाराआड जायचं नाही, किती घाई असली तरी. मांडीवर बसवायचं नाही, शेजारी बसव. हे तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही, नियम सगळ्यांना सारखा असला तरच तो उपयोगाचा. एखाद्या पोरानं अंगाला हात लावल्याबद्दल काही सांगितलं तर शांतपणे ऐक, खोदून विचारू नको, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नको. त्याच दिवशी प्रमुखांना सांग. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा आहे, त्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चर्चचं नाव खराब होईल म्हणून कुणी थांबवलं तरी थांबायचं नाही. 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे.

खाऊला केळं किंवा मऊ राजगिऱ्याचा लाडू. भडंग कुणी आणेलच, कोल्हापूर आहे ते. त्यातले शेंगदाणे घशात अडकतात, पाच वर्षांखालच्यांना द्यायचे नाहीत. फुटाणे, अख्खी द्राक्षं, गोळ्याही नकोत. खाताना सगळी खाली बसलेली पाहिजेत. अडकलं आणि पोर जोरात खोकत असेल तर खोकू दे. आवाजच निघत नसेल तर पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच थापा, नाही निघालं तर मागून धरून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच दाब, पुन्हा थापा, आणि दुसऱ्यानं 108 लावायचा. तोंडात काही दिसत नसताना बोट घालू नको, अडकलेलं आणखी आत जातं.

पाणी दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट, मागायची वाट न बघता. ओआरएसचं मोठं पाकीट असेल तर एक लिटर पाण्यात सगळं एकदम घालायचं, पेल्यात चिमूट-चिमूट नाही. वळीव बहुतेक दुपारनंतरच येतो, पण ढग गडगडले तर पोरं झाडाखालून आणि पत्र्याच्या मांडवातून आत पक्क्या इमारतीत.

सुटायची वेळ सगळ्यात वाईट. फाटकाशी गाड्यांची गर्दी आणि आपली गाडी दिसली की पोर सुटतं. म्हणून पोरं आत बसलेलीच ठेव, कार्ड बघून एकेकाला हाक मार, हातात हात दे. कार्डावर नसलेलं कुणी आलं तर पोर "माझा काका" म्हणालं तरी आईला फोन. काका रागावले तर रागावू देत.

फ्लॅनेल आणि फेल्ट महाद्वार रोडला शिलाईच्या सामानाच्या दुकानात बघ. जक्कयाची चित्रं मी कापून ठेवलीत, शनिवारच्या एस.टी.नं तुझ्या मामाबरोबर पाठवते. उंबराची फांदी जरा मोठी झालीय, बोर्डाच्या मापानं छाटून घे. आणि जास्तीच्या चार चड्ड्या मावशीकडून मागून पिशवीत टाक.

तुझी,
आई