हॉट सीटवर बसण्याआधी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

'कौन बनेगा करोडपती'च्या ऑडिशनचं बोलावणं आल्यापासून तू स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं घेऊन बसला आहेस, असं वैदेहीने सांगितलं. पाठांतराला माझी हरकत नाही. पण या खेळात माहिती कमी पडून हरणाऱ्यांइतकेच लोक आपल्याला किती खात्री आहे हे न ओळखता आल्याने हरतात. माहीत असलेलं उत्तर सोडून देतात आणि अर्धवट आठवणारं उत्तर लॉक करतात. तुझी तयारी मुख्यतः या बाजूने व्हावी, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी सरावाची पद्धत. रोज वीस प्रश्न घे. उत्तर लिहिलंस की त्याच्यापुढे लगेच खात्रीचा आकडा लिही: १००, ७५, ५० किंवा २५. दोनशे प्रश्न झाले की हिशेब मांड. ७५ लिहिलेले चाळीस प्रश्न असतील, तर त्यांतले तीसच्या आसपास बरोबर यायला हवेत. वीसच आले, तर तुझं '७५' प्रत्यक्षात ५० आहे. हा हिशेब विषयवार कर. क्रिकेटमध्ये तुझी खात्री खरी ठरेल आणि पुराणकथांमध्ये फसवी निघेल, असं अगदी शक्य आहे. कोणत्या विषयात आपलं मन आपल्याला फसवतं, हे खुर्चीत बसण्याआधी कळायला हवं.

या आकड्यांचं काय करायचं ते सांगते. रकमा पर्वागणिक बदलतात, त्यामुळे चालू पर्वाची शिडी आधी कागदावर उतरवून घे. मी इथे बरीच वर्षं चाललेली शिडी धरते: पाचव्या प्रश्नाला १०,००० आणि दहाव्याला ३,२०,००० हे पडाव, म्हणजे पुढे चुकलं तरी हातात राहणाऱ्या रकमा. पुढे ६,४०,०००, १२,५०,०००, २५ लाख, ५० लाख, १ कोटी आणि ७ कोटी. पडाव ओलांडल्यावरचा पहिला प्रश्न, म्हणजे सहावा आणि अकरावा, कधीही सोडायचा नाही. चुकलास तरी पडावाची रक्कम जात नाही, मग तिथे खेळ सोडण्यात अर्थच नाही. तरीही माणसं ३,२०,००० हातात आले की घाबरून अकराव्यावर उठतात.

बाराव्यापासून हिशेब बदलतो. हातात ६,४०,००० आहेत. चुकलं तर ३,२०,००० जाणार, बरोबर आलं तर ६,१०,००० वाढणार. म्हणजे खात्री ३४ टक्क्यांच्या वर असेल तर खेळणं फायद्याचं. तेराव्याला ही मर्यादा सुमारे ४३, चौदाव्याला ४७ आणि पंधराव्याला ४८ टक्के येते. सोळाव्याला मात्र गणित १४ टक्क्यांवर उतरतं, कारण बक्षीस एकदम सातपट होतं. तिथे या गणिताच्या नादी लागू नकोस. चुकलास तर ९६,८०,००० रुपये एका श्वासात जातात, आणि आपल्यासारख्या घराला पहिल्या कोटीची किंमत पुढच्या सहा कोटींहून जास्त आहे. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवायच्या. २०१९ मध्ये त्या एक कोटी जिंकल्या आणि सात कोटींच्या प्रश्नावर थांबल्या. मला तो निर्णय पूर्ण पटतो. बारा ते पंधरा या प्रश्नांनाही वरच्या आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांची भर घालून चाल. तुझ्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, हे विसरू नकोस.

लाइफलाइन, म्हणजे अडल्यावर घ्यायची मदत, याच हिशेबात बसतात. त्यांची नावं आणि संख्या बदलत असते, पण प्रेक्षकांचा कौल, फिफ्टी-फिफ्टी आणि मित्राला फोन यांची रीत समजली की बाकीच्या जमतात. प्रेक्षकांचा कौल पहिल्या दहा प्रश्नांत वापर: सिनेमा, मालिका, खेळाडू, रोजच्या वापरातल्या वस्तू. सभागृहातल्या लोकांना हे माहीत असतं. पुढे मध्ययुगीन इतिहास किंवा रसायनशास्त्र आलं की तेही अंदाजाने बटण दाबतात आणि मतं चारही पर्यायांत विखुरतात. ८५ टक्के एका बाजूला आले तर घे. ३८, ३०, २०, १२ असे आले तर तो कौल धरू नकोस, त्यांनाही माहीत नाही. फिफ्टी-फिफ्टी शक्यतो अकराव्यानंतरसाठी ठेव. काहीच सुचत नसताना ती दोन चुकीचे पर्याय काढून तुला २५ वरून ५० टक्क्यांवर आणते, आणि बाराव्याला ५० टक्के म्हणजे भर घातलेल्या मर्यादेच्याही वर. पाचव्या प्रश्नावर ती खर्च करणं ही मोठी उधळपट्टी आहे.

फोनला वेळ साधारण अर्ध्या मिनिटाचा असतो. नमस्कार-चमत्कारात पाच सेकंद गेली तर उरलेल्या वेळेत चार पर्यायही नीट ऐकू जात नाहीत. प्रश्नाचा गाभा आठ-दहा शब्दांत, मग पर्याय, मग 'उत्तर आणि खात्री किती टक्के?' हे घड्याळ लावून दोन-तीन मित्रांबरोबर आधी करून बघ. मित्र निवडताना सर्वांत हुशार कोण हे बघू नकोस. माहीत नसेल तर पाचव्या सेकंदाला 'नाही माहीत' म्हणणारा हवा. विज्ञान, इतिहास-पुराणं आणि खेळ यांना वेगवेगळी माणसं ठेव.

पण हॉट सीटच्या आधी सहसा दहा जणांमधून फास्टेस्ट फिंगर जिंकावं लागतं, आणि खूप अभ्यासू मुलं तिथेच अडकतात. चार गोष्टी क्रमाने लावायच्या, अचूक आणि सगळ्यांत आधी. प्रश्न कानावर पडताच पहिली दिशा पकड: उत्तरेकडून दक्षिणेकडे की उलट, आधीचं की नंतरचं, वाढता की उतरता. मग दोन टोकं ठरव, मधले दोन आपोआप बसतात. धुळे, नाशिक, पुणे, कोल्हापूर हा उत्तर-दक्षिण क्रम तुला झोपेतही येईल. पण पश्चिम-पूर्व विचारलं की गडबड होते. मुंबई पश्चिमेला आणि चेन्नई पूर्वेला हे पटकन ठरतं, पण दिल्ली आणि बेंगळुरू जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, दिल्ली किंचित पश्चिमेला. नकाशा डोळ्यांसमोर नसेल तर इथे नक्की फसशील. भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लाव. पंतप्रधान, राष्ट्रपती आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यांचे क्रम तोंडपाठ कर. सराव मोबाइलच्या पडद्यावर बोटाने कर, वहीत नको. उत्तर येत असूनही चुकीच्या अक्षरावर बोट पडतं.

पहिल्या पाच प्रश्नांना कमी लेखू नकोस. ते सोपे असतात, म्हणून चारही पर्याय न वाचता उत्तर दिलं जातं. 'पहिले' एवढंच ऐकून राजेंद्र प्रसाद म्हणतात आणि प्रश्न उपराष्ट्रपतींचा असतो, उत्तर राधाकृष्णन. 'नाही' असलेल्या प्रश्नांतही असंच होतं. समज, विचारलं की यांपैकी कोणत्या नदीचा उगम महाराष्ट्रात नाही: गोदावरी, भीमा, तापी, कृष्णा. तापी म्हटली की जळगाव-भुसावळ आठवतं आणि ती आपलीच वाटते. उगमांवरून जा: गोदावरी त्र्यंबकेश्वर, भीमा भीमाशंकर, कृष्णा महाबळेश्वर. तीन गेल्या, उरली तापी. ती मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते. पडद्याकडे बघत असंच मोठ्याने बोलत जा. आपली चूक बोलताना आपल्याच कानाला खटकते. सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ असतं, तेवढं भान ठेवून.

अभ्यासात जुन्या पुस्तकांपासून सांभाळ. २ जून २०१४ ला तेलंगण वेगळं झाल्यापासून आंध्र प्रदेशाची सीमा महाराष्ट्राला लागत नाही, पण कितीतरी पुस्तकांत ती अजून आहे. पालघर झाल्यावर जिल्हे ३६ झाले. केंद्रशासित प्रदेश आता आठ आहेत. मराठीला अभिजात दर्जाचा निर्णय ऑक्टोबर २०२४ चा, आणि त्याच वेळी पाली, प्राकृत, आसामी व बंगाली यांनाही तो मिळाला. प्रश्न बहुधा या सोबतच्या चौघांवर येतो. म्हणून एक नाव वाचलंस की त्याच्या चार बाजू वहीत लिही. सी. व्ही. रामन: शोध २८ फेब्रुवारी १९२८, म्हणून त्या दिवशी विज्ञान दिन. नोबेल १९३०. भारतरत्न १९५४, पहिल्याच वर्षी, राजगोपालाचारी आणि राधाकृष्णन यांच्यासोबत. एका नावातून पाच प्रश्न तयार होतात. गेल्या आठ-दहा महिन्यांची वर्तमानपत्रंही याच रीतीने चाळ.

ऑडिशनमध्ये सामान्यज्ञानाच्या चाचणीबरोबर कॅमेऱ्यासमोर तुझ्याबद्दलही विचारतात. 'मी मेहनती आहे' असं काही सांगू नकोस. तू कोणतं काम करतोस, त्यात रोज काय अडतं, पैसे मिळाले तर कशाला लागतील, हे एका मिनिटात आणि खरं सांग. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकडीचा शर्ट नको, तो कॅमेऱ्यात थरथरतो. साधा गडद रंग घाल. ओळखपत्र, पॅन कार्ड आणि त्यांच्या प्रती सोबत ठेव. दोन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच बघ.

पैशाबद्दल दोन गोष्टी. या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आहे, त्याला ना मूळ सूट लागते ना कुठली वजावट. ३,२०,००० जिंकलास तर ९६,००० कापूनच हातात २,२४,००० येतील, आणि विवरणपत्र भरताना उपकराचे ३,८४० आणखी भरावे लागतील. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की अधिभारही लागतो, त्यामुळे कोटीतले हातात ६५ लाखांच्या आसपास उरतात. दुसरं, 'तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली' असे या कार्यक्रमाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर येणारे निरोप फसवणुकीचे असतात. नोंदणीला किंवा ऑडिशनला कुणी एक रुपयाही मागितला तर फोन ठेव आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार कर. तुझं नाव निवडलं गेल्याचं तू चार जणांना सांगितलं आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आणि खुर्चीत बसल्यावर 'नक्की?' असं विचारलं तर डगमगू नकोस. तो प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारतात. समोरच्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू नकोस. तुझा आकडा काय सांगतो तेवढं बघ आणि एकदाच बोल, कारण लॉक झाल्यावर बदलता येत नाही.

ऑडिशनची तारीख पक्की झाली की कळव. आदल्या दिवशीच पोहोच, रात्रभर गाडीत जागून सकाळी चाचणीला बसू नकोस. पहिल्या दोनशे प्रश्नांचा हिशेब झाला की वहीच्या त्या पानांचे फोटो मला पाठव. कुठल्या विषयाला वेळ द्यायचा ते आपण फोनवर ठरवू.

तुझी,
आई