विभागप्रमुख झालेल्या मुलास

जळगाव

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विभागप्रमुखपदाची सूत्रे तुझ्याकडे आल्याचे तू फोनवर सांगितलेस आणि तुझ्या बाबांनी त्याच संध्याकाळी शेजारीपाजारी पेढे वाटले. मला मात्र जे सांगायचे होते ते फोनवर सांगता येण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र. विभागातील विद्यार्थिनी, संशोधक स्त्रिया आणि प्राध्यापिका यांच्याशी तू आजवर नेहमीच आदराने वागत आला आहेस, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण आता नुसते चांगले वागून तुझे कर्तव्य पुरे होणार नाही, कारण यापुढे अटी तू ठरवणार आहेस. बैठक किती वाजता घ्यायची, यंत्रावर कोणाला कधी वेळ द्यायची, कोणत्या समितीवर कोणाला नेमायचे, हे तुझ्या सहीने ठरेल. विज्ञानातील स्त्रियांची वाट दुष्ट माणसांनी जितकी अडवली, त्याहून कितीतरी अधिक अशा अटींनी अडवली आहे, आणि त्या अटी घालणाऱ्यांत थोर माणसेही होती.

कमला सोहोनी यांची हकिगत तू लहानपणी माझ्याकडून ऐकली आहेस, पण ती आता तुझ्या खुर्चीवरून पाहा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आलेल्या कमला भागवत (सोहोनी हे लग्नानंतरचे आडनाव) यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. तेव्हाचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला आणि त्याचे कारण एवढेच होते की अर्ज एका मुलीचा होता. कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या आणि हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, तो अटींवर: पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, आणि त्यांच्या असण्याने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई केंब्रिजला गेल्या, बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनाला लागणारे प्रथिन असते हे त्यांनी दाखवून दिले आणि १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. एवढे कर्तृत्व असूनही मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्याला फार उशिरा आले. आयुष्याच्या अखेरीसही बंगळूरचा तो अपमान त्या विसरल्या नव्हत्या आणि जाहीर सभेत त्यांनी तो बोलून दाखवला.

रामन यांची थोरवी कमी करावी म्हणून मी हे लिहीत नाही. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत मुलींना घेतले आणि त्यांतल्या ॲना मणी यांनी हिरे आणि माणके यांच्या वर्णपटांवर उत्तम संशोधन केले, शोधनिबंध प्रसिद्ध केले, प्रबंध लिहून सादरही केला. मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नव्हती. कागदोपत्री तो नियम स्त्री-पुरुष असा भेद करत नव्हता, हे मान्य. परंतु समोर झालेले काम बघून नियमाला वळण देणे ज्यांच्या हाती होते, त्यांच्यापैकी कोणाला ते करावेसे वाटले नाही. ॲना मणी हवामानखात्यात गेल्या, हवामानाची उपकरणे देशातच तयार व्हावीत म्हणून त्यांनी पुण्यात मोठे काम उभे केले आणि त्या उपमहासंचालकपदापर्यंत पोचल्या. पीएच.डी. मात्र त्यांना कधीच मिळाली नाही.

हे सारे जुने झाले, आता मुलींना कोण अडवते, असे तुझे सहकारी म्हणतील. मुली अडत नाहीत हे खरेच आहे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील विज्ञान शाखेत २९.८ लाख मुली होत्या आणि २७.४ लाख मुलगे. म्हणजे वर्गात मुलींची संख्या अधिक आहे. आता वर पाहा. १९३५ साली स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीला पहिली स्त्री अध्यक्ष, चंद्रिमा शाहा, २०२० साली मिळाली. १९४२ पासून चालत आलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी पहिली स्त्री, एन. कलैसेल्वी, २०२२ साली आली. वर्गातल्या मुली आणि ही पदे यांच्यामध्ये कोठेतरी गळती आहे, आणि ती तुझ्याच पातळीवर, म्हणजे पीएच.डी.नंतरची नोकरी, पहिली बढती आणि पहिली समिती, याच टप्प्यांवर होते, असे माझे अनेक वर्षांच्या अध्यापनानंतरचे ठाम मत आहे.

आपल्या खानदेशात कापूस वेचणारे हात बाईचे असतात आणि सातबारा पुरुषाच्या नावावर असतो. प्रयोगशाळेतही मी तसेच पाहिले आहे. रात्रंदिवस नमुने तपासणारी विद्यार्थिनी असते आणि शोधनिबंधावर पहिले नाव मात्र दुसऱ्याचे येते, कारण ती आता लग्न होऊन जाणार आहे असे सर्वांनी परस्पर ठरवलेले असते. तुझ्या विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक निबंधावरील नावांचा क्रम कामावरून ठरतो की नाही, हे तू स्वतः विचारत जा.

मी ज्या तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, तेथील दोन गोष्टी तुला सांगते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली खेड्यांतून एस.टी.ने येत. दुपारचे प्रॅक्टिकल लांबले की त्यांचे डोळे घड्याळाकडे लागत, कारण गावाकडची गाडी चुकली तर दुसऱ्या दिवसापासून घरातून पाठवणेच बंद होण्याची भीती असे. सेंद्रिय संयुगाची ओळख पटवण्याचे शेवटचे टप्पे अर्धवट टाकून त्या पळत, आणि अंतर्गत गुण देताना ‘मुलींना प्रॅक्टिकलमध्ये गोडी नाही’ असा शेरा कर्मचारी-कक्षात ऐकू येई. मुलींच्या तुकड्यांचे प्रॅक्टिकल सकाळी घ्यावे, एवढी साधी मागणी मान्य व्हायला कित्येक वर्षे गेली. मान्य झाल्यावर त्याच मुली शेवटपर्यंत थांबून काम पुरे करू लागल्या. गोडीचा प्रश्न तिथे कधीच नव्हता.

दुसरी गोष्ट समित्यांची. स्नेहसंमेलन, रांगोळी, पाहुण्यांचे स्वागत, वसतिगृह आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानंतर अंतर्गत तक्रार समिती, या ठिकाणी आम्हा प्राध्यापिकांना हमखास नेमले जाई. खरेदी समितीवर मात्र मला कधी घेतले नाही. कोणता स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र, घ्यायचा हे तो कधीही न वापरणारे सहकारी ठरवत, आणि मी त्यावर शिकवत असे. हे काम किरकोळ वाटेल, पण पैसा, जागा आणि नेमणुका ज्या समित्यांतून जातात तिथेच माणूस संस्था चालवायला शिकतो. उद्या अधिष्ठाता किंवा कुलगुरू नेमताना प्रशासनाचा अनुभव विचारतात, तो रांगोळीच्या समितीतून मिळत नाही. १९९५ साली डॉ. स्नेहलता देशमुख मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या त्याआधी त्यांनी मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय सांभाळले होते, हे लक्षात घे.

आपल्या इथल्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. मला त्याचा अभिमान आहे. तो सार्थ ठरावा असे वाटत असेल तर अभ्यास मंडळापासून व्यवस्थापन परिषदेपर्यंत स्त्रिया किती हे आपण प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी मोजले पाहिजे, आणि तू तुझ्या ठिकाणी.

तेव्हा बैठका साडेपाचनंतर ठेवू नकोस. रात्री यंत्रावर काम करावे लागत असेल तर वसतिगृहापर्यंत सोबतीची आणि दिव्यांची सोय हे विभागाचे काम आहे, त्या मुलीच्या वडिलांचे नव्हे. पीएच.डी.च्या काळात २४० दिवसांची प्रसूती आणि बालसंगोपन रजा, तसेच स्त्रियांना दोन वर्षांची वाढीव मुदत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत आहे. ती मार्गदर्शकाने दिलेली कृपा नाही, हे मार्गदर्शकांना बोलावून सांग. शिफारसपत्रे वाचताना मुलाला ‘तल्लख’ आणि मुलीला ‘कष्टाळू, मनमिळाऊ’ लिहिलेले दिसले तर लिहिणाऱ्याला विचार की तिने केले काय ते कुठे आहे. मुलाखतीत नवऱ्याची बदली झाली तर काय कराल, हा प्रश्न मला विचारला गेला होता. तुझ्यासमोर कोणी तो विचारला तर तिथल्या तिथे थांबव, नंतर खासगीत नव्हे.

एक गोष्ट घरातली. सूनबाईच्या प्रकल्पाचा प्रस्ताव गेल्या वर्षी लांबला तो छोटीच्या आजारपणात, आणि त्या आजारपणात रजा तिने काढली होती. तुझ्या पदामुळे आता तुला रजा काढणे अधिक अवघड होईल, असे तू म्हणशील. मला वाटते, विभागप्रमुखाने मुलीच्या तापासाठी रजा काढली की त्याच्या हाताखालच्या सगळ्यांना ती काढता येते. यंदा तिचा प्रस्ताव वेळेवर जाऊ दे. मी महिनाभर येऊन राहायला तयार आहे, पण माझ्या येण्यामुळे तुझ्या वाटणीचे काम माझ्याकडे येणार असेल तर मी येणार नाही.

सहायक प्राध्यापकांच्या जागांची जाहिरात निघणार असल्याचे तू सांगितलेस. मसुदा तयार झाला की वयाची अट आणि ‘सलग अनुभव’ ही अट, या दोन ओळी नीट वाच. मुलांसाठी दोन-तीन वर्षे थांबलेली आणि परत आलेली उमेदवार तिथेच गळते. छाननी समितीवर स्त्री सदस्य एकच असेल तर आणखी एक घे, म्हणजे बोलणारीला दुजोरा देणारे कोणी असेल. समितीची नावे ठरली की मला कळव.

तुझी,
आई